अर्जदाराची चूक

डोंगरात गेलं की माणसाचा राग निवतो, असं ज्या कोणी पहिल्यांदा सांगितलं त्याने डोंगरात जायची परवानगी कधी काढलेली नसणार. मिनिटरावांचं मत अगदी पक्कं झालं होतं. जगातला निम्मा राग डोंगरात जायच्या तयारीतूनच तयार होतो, आणि उरलेला निम्मा माणूस पाठीवरच्या पिशवीत भरून सोबत नेतो.

मिनिटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बस आगाराच्या वेळापत्रक विभागात बावीस वर्षं खुर्ची झिजवून त्यांनी ते कमावलं होतं. कुठली बस कुठून किती वाजून किती मिनिटांनी सुटेल हे ते ठरवत. ती त्या मिनिटाला सुटली नाही, तर चूक ड्रायव्हरची असे, कंडक्टरची असे, रस्त्याची असे, अगदीच कोणी सापडलं नाही तर प्रवाशांची असे. वेळापत्रकाची चूक असल्याचं बावीस वर्षांत एकदाही सिद्ध झालं नव्हतं. होणार कसं? चौकशीचा अहवालही मिनिटरावच लिहीत.

तर मुलगी शिकायला परगावी गेली, घरात दोघंच उरली, आणि एका सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता बायको म्हणाली, "अहो, तीन दिवस डोंगरात जाऊ या. पाठीवर पिशवी, पायी पायी. आपण दोघंच."

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर भिंग बदलत "हे बरं दिसतं की हे?" असं विचारून विचारून तिला माणसाने तोंड उघडायच्या आत उत्तर कळतं. मिनिटरावांचंही कळलं.

"थांबा, नाही म्हणू नका," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांत सहा वेळा ठरलं, सहाही वेळा तुमच्या कामात बसलं नाही. ही सातवी वेळ. आता नाही झालं, तर मी पुन्हा विचारणार नाही."

हे ती चिडून बोलली असती तर मिनिटरावांना बरं वाटलं असतं. राग त्यांच्या ओळखीचा. पण ती दुकानात चष्म्याचा नंबर सांगावा तशा साध्या आवाजात बोलली. ते लगेच हो म्हणाले. तिथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि दोघं सुखात डोंगर चढून आली असती. पण बायको पुढे म्हणाली, "आखणी मी करते. तुम्ही नुसते चला."

नुसते चला! एकशे चाळीस गाड्या रोज फिरवणाऱ्या माणसाला दोन माणसं फिरवता येणार नाहीत? मिनिटरावांनी कप खाली ठेवला आणि आखणी ताब्यात घेतली.

फेरी तशी सोपी होती. पायथ्याच्या चौकीपासून निघायचं, डोंगराला गोल वळसा घालायचा, आणि तिसऱ्या दिवशी त्याच चौकीवर परत यायचं. बावीस किलोमीटर. वाटेत पूर्वेला एक विश्रामगृह, पश्चिमेला एक, आणि बरोबर मध्ये, सगळ्यात उंचावर, खिंड. मिनिटरावांनी आठ रात्री खपून तक्ता केला. कुठल्या वळणावर किती वाजता पोचायचं, पाणी कुठे प्यायचं, देखावा कुठे बघायचा. "खिंड: आगमन ११.४०, प्रस्थान ११.५२." बायकोने तो तक्ता वाचला आणि विचारलं, "बारा मिनिटं? एवढं चढून जायचं आणि वर बारा मिनिटं थांबायचं?"

"आगारात जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची असते," मिनिटराव म्हणाले. ती बाजारात गेली आणि दोन माणसांची मिळून एक अशी झोपायची पिशवी घेऊन आली, आतून लाल, बाहेरून निळी. अख्ख्या सहलीत तिने स्वतःच्या मनाने केलेली तेवढी एकच गोष्ट. मिनिटरावांनी तिचं वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

वजनाचं खूळ खालच्या मजल्यावरच्या भूमापक काकांनी घातलं होतं. काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः आयुष्यात गच्चीच्या वर कधी गेले नाहीत. पण सल्ला द्यायला चढावं थोडंच लागतं? संध्याकाळी ते तराजू घेऊनच आले. "पिशवीचं वजन अंगाच्या वजनाच्या एक अष्टमांश," ते म्हणाले. "आणि स्टोव्ह आणि इंधन एका पिशवीत ठेवायचं नाही. जळून मराल." मिनिटरावांना शास्त्रशुद्ध माणूस भेटल्याचा आनंद झाला. दोघांनी मिळून रात्री नऊपर्यंत सामान तोललं. स्टोव्ह, दोन पेले, साखर आणि झोपायची पिशवी मिनिटरावांकडे. इंधन, काडेपेटी, चहाची पूड आणि मिनिटरावांचा गुडघ्याचा पट्टा बायकोकडे.

"माझ्या पिशवीत तुमचा पट्टा कशाला?" बायकोने विचारलं.

"दीडशे ग्रॅम कमी पडत होते," काका म्हणाले.

"चालायचं तर बरोबरच आहे ना," मिनिटराव म्हणाले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

त्यात मेव्हणा आला. तो वीस वर्षांपूर्वी एकदा डोंगर चढला होता आणि तेव्हापासून उतरलेला नाही. त्याने भावोजींच्या पायांकडे खाटकाने बघावं तसं बघितलं आणि हुकूम सोडला, "सराव पाहिजे. रोज बारा किलो घेऊन जिना चढा-उतरा." बारा किलो आणायचे कुठून? मिनिटरावांनी आगारातली रद्द झालेली वेळापत्रकं पिशवीत भरली आणि पहाटे जिन्याच्या फेऱ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी दार किलकिलं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिनिटरावांना थांबवलंच. "सामान घेऊन निघालास का रे बाबा? असं घर सोडून जाऊ नये. तिचं चुकलं असेल तर मी बोलते तिच्याशी."

"मी सराव करतोय!" मिनिटराव दम खात ओरडले.

"घर सोडायचा?" आजी म्हणाल्या. दुपारपर्यंत इमारतीतल्या चार बायका त्यांच्या बायकोचं सांत्वन करून गेल्या होत्या. एकीने तर वकिलाचा नंबर दिला.

हे सगळं परवडलं, पण परवानगीचं कार्यालय नको. ह्या डोंगरावर परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. पहिल्या खेपेला मिनिटरावांना कळलं की तब्येतीचा दाखला लागतो. दुसऱ्या खेपेला कळलं की दाखला लागतो तो हाडांच्या डॉक्टरांचा, आणि फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. मिनिटरावांचा डावा कान जरा मागे आहे. तो पुढे आणण्यासाठी फोटोवाल्याने तीन वेळा त्यांची मान पिरगळली. एका कानासाठी सरकार डोंगर अडवून बसतं, ह्याचा संताप त्यांनी घरी येऊन बायकोवर काढला, जसं काही कानाचा नियम तिनेच केला होता.

तिसऱ्या खेपेला ते दहाला दोन मिनिटं कमी असताना खिडकीपाशी हजर होते. पाटीवर लिहिलं होतं, सकाळी दहा. कारकून आला दहा तेवीसला. त्याने डबा ठेवला, छत्री टांगली, एक संत्रं काढलं, ते सोललं, त्याची एकेक फोड स्वच्छ करून कागदावर मांडली आणि मग वर बघितलं.

"तेवीस मिनिटं उशीर झालाय तुम्हाला," मिनिटराव म्हणाले.

कारकुनाने मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यात दहा वाजून एक मिनिट झालं होतं. "तुमचं घड्याळ पुढे आहे," तो म्हणाला आणि एक फोड तोंडात टाकली.

अरे! मिनिटरावांचं घड्याळ पुढे! ज्या घड्याळावर एकशे चाळीस गाड्या चालतात ते पुढे! त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्यांनी अर्ज ओढला, दोरीला बांधलेलं पेन उचललं, ते चालेना म्हणून स्वतःचं काढलं, आणि मनातल्या मनात वरिष्ठांकडे करायच्या तक्रारीचा मजकूर जुळवत जुळवत रकाने भरले. नाव, वय, नातं, फेरीची दिशा. हात आपोआप चालत होता. आगारात वर्तुळ मार्गाचं वेळापत्रक भरताना चालतो तसा. वर्तुळ मार्गावर एक गाडी सुलट सोडायची आणि दुसरी उलट, हा आगाराचा पहिला धडा. दोन्ही एकाच दिशेने सोडल्या तर उमेदवारी करणाऱ्या पोरालाही कामावरून काढतील. कारकुनाने न वाचता शिक्का मारला. शिक्क्यावर संत्र्याचा डाग पडला.

"परवाना बघू," घरी बायको म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?" मिनिटराव म्हणाले आणि परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आतल्या खिशात ठेवला.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या चार मिनिटं आधी, दोघं पायथ्याच्या चौकीवर उभी होती. हवा सुरेख होती. बायकोने नवे बूट घातले होते आणि ती, मिनिटरावांना मान्य करणं भाग होतं, फार छान दिसत होती. त्यांनी ते सांगायचं ठरवलं होतं, तक्त्याप्रमाणे पहिल्या पाणवठ्यावर.

चौकीवर खाकी टोपीतल्या एक बाई होत्या. त्यांनी परवाना उघडला, वाचला, दोघांकडे बघितलं, पुन्हा वाचला.

"एक नंबर, सुलट फेरी. पहिली रात्र पूर्वेला, दुसरी पश्चिमेला," त्या म्हणाल्या. "दोन नंबर, उलट फेरी. पहिली रात्र पश्चिमेला, दुसरी पूर्वेला. तुम्ही इकडून जा. बाई, तुम्ही तिकडून."

मिनिटरावांना परवान्यावर स्वतःचं अक्षर दिसलं. वळणदार, खाडाखोड नसलेलं, वर सुलट, खाली उलट.

"अहो, आपण बरोबर चाललोय ना?" बायकोने विचारलं.

"चुकून झालं असेल तर सांगा," चौकीवरच्या बाई म्हणाल्या. "दुरुस्तीची चिठ्ठी आहे माझ्याकडे. सही करा, दोन मिनिटांत दोघांना एका दिशेला सोडते." त्यांनी टेबलाच्या खणातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. मिनिटरावांनी वाचलं. मथळा होता, 'अर्जदाराची चूक'. खाली छापलं होतं, 'वरील गोष्ट माझ्या चुकीमुळे झाली असून ती चूक मला मान्य आहे.' खाली सही. खाली तारीख.

"लेखनिकाची चूक, अशी नाही का चिठ्ठी?" मिनिटरावांनी विचारलं.

"नाही."

"तांत्रिक कारणास्तव?"

"एकच चिठ्ठी आहे," बाई म्हणाल्या. "करताय सही?"

मागे पाच-सहा माणसं रांगेत उभी होती. ती कान देऊन ऐकत होती. मिनिटरावांच्या डोळ्यांपुढे तो संत्री खाणारा कारकून आला, तो पुढे असलेला घड्याळाचा काटा आला, मागे असलेला स्वतःचा डावा कान आला, आणि त्यांचं डोकं फिरलं. सगळ्या जगाने चुका करायच्या आणि सही मिनिटरावांनी करायची? सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो असा.

"चूक नाही ती," ते म्हणाले. "असंच आखलंय."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. "असंच आखलंय?"

"दोघांनी दोन बाजूंनी जायचं. खिंडीत भेटायचं. वेगवेगळं बघितलेलं एकमेकांना सांगायचं." बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटायला लागलं. "नवीन पद्धत आहे."

"खिंडीत बारा मिनिटं भेटायचं."

"हो."

"आणि दोन्ही रात्री डोंगराच्या दोन बाजूंना."

बायको एक पाऊल जवळ आली आणि दुकानात विचारते त्या आवाजात म्हणाली, "नीट बघून सांगा. बरोबर बरं, की वेगळं बरं?"

रांगेतला एक माणूस खोकला. मिनिटराव म्हणाले, "वेगळं."

"बरं," बायको म्हणाली. तिने पिशवी पाठीवर सरळ केली, चौकीवरच्या बाईंशी जाऊन जरा वेळ हळू आवाजात काही बोलली, मिनिटरावांना वाटलं जळवांबद्दल विचारत असेल, आणि डावीकडच्या वाटेने निघून गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. मिनिटरावांनी वळणापर्यंत वाट बघितली. तीन मिनिटं उशीर झाला.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिनिटराव झाडांवर चिडले, दगडांवर चिडले, चढावर चिडले आणि उतार आला तेव्हा पुढे पुन्हा चढ असणार म्हणून उतारावर चिडले. देखावा बघायच्या ठिकाणी ते वेळेवर पोचले आणि दरीकडे पाठ करून कारकुनाबद्दलच्या तक्रारीचा दुसरा परिच्छेद तयार करत बसले. पहिल्या पाणवठ्यावर सांगायचं म्हणून ठरवलेलं वाक्य त्यांना आठवलं. तिथे एक खेचर पाणी पीत होतं. मिनिटराव बाटली भरून पुढे निघाले.

संध्याकाळी पूर्वेच्या विश्रामगृहात त्यांनी स्टोव्ह काढला, दोन पेले काढले, साखर काढली, आणि मग आणखी काढायला काहीच राहिलं नाही. इंधन, काड्या आणि चहा डोंगरापलीकडे होता. काकांच्या शास्त्राप्रमाणे जळून मरायची भीती मात्र अजिबात राहिली नव्हती. त्यांनी कोरडी साखर खाल्ली. मग झोपायची पिशवी पसरली तर तिने शेजारच्याचीही जागा व्यापली.

"दुसरं कोणी यायचंय का?" शेजारच्याने विचारलं.

"नाही."

"मग एवढी मोठी?"

"मला ऐसपैस लागतं," मिनिटराव म्हणाले आणि त्या लाल अस्तरात एका कडेला, घरी झोपतात तेवढ्याच जागेत, अंग चोरून पडले.

दुसऱ्या दिवशी खिंडीची चढण सुरू झाली, आणि अर्ध्या तासात गुडघ्याने दगा दिला. तक्ता अकरा चाळीस म्हणत होता आणि गुडघा म्हणत होता, बघू. साडेदहाला वरून दोन कॉलेजातल्या मुली उड्या मारत उतरत आल्या. त्या मिनिटरावांपाशी थबकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या.

"काका, तुम्हीच ना ते? निळी टोपी, घड्याळ बघत बघत चालणारे, रागावलेले?"

"मी रागावलेला नाही!" मिनिटराव ओरडले. त्या आवाजाने वरच्या झाडावरची पाखरं उडाली.

"हेच," एकीने दुसरीला सांगितलं. "काकू सकाळी आमच्याबरोबर होत्या. काय मस्त गप्पा मारतात हो! त्यांनी ही गोळी द्यायला सांगितली तुम्हाला. म्हणाल्या, रागात खायचं विसरले असतील."

ती संत्र्याची गोळी होती. संत्र्याची! मिनिटरावांना ती दरीत भिरकावून द्यावीशी वाटली. पण कालपासून पोटात नुसती साखर होती, तेव्हा त्यांनी ती रागारागाने चघळली.

पुढच्या वळणावर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. "तुमच्या मंडळींनी दिलंय," म्हणत त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. गुडघ्याचा पट्टा. "मला म्हणाल्या, डाव्या पायाला बांधायला सांगा, उजव्याला बांधतात आणि मग पट्ट्यावर चिडतात. चांगलं माणूस आहे हो. आम्ही काल संध्याकाळी तासभर बसलो होतो ओढ्यापाशी. माझी बायको गेल्यापासून एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं माझं."

म्हातारे निघून गेले. मिनिटराव एका दगडावर बसले आणि त्यांनी पट्टा बांधला, डाव्या पायाला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ह्या वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती भेटली आहे. मुलींना भेटली, म्हाताऱ्याला भेटली. फक्त तिच्याबरोबर यायला घरून जो निघाला होता त्याला तेवढी भेटली नाही. आणि हे कोणी केलं? कारकुनाने? त्यांनी कारकुनाला आठवून बघितलं, सवयीने, पण ह्या वेळी राग तिथवर पोचेना. तो वाटेतच वळला आणि परत घरी आला. स्वतःवर असा राग त्यांना कधी आला नव्हता. तो कसा करतात हेही त्यांना नीट माहीत नव्हतं.

घड्याळात पावणेबारा झाले होते, आणि खिंड अजून नजरेच्याही पलीकडे होती. तिथे त्यांना दुसरी गोष्ट आठवली. आगाराच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीने एक सूचना लावलेली आहे. 'मागून येणाऱ्या गाडीसाठी पुढची गाडी थांबवून धरू नये.' त्या सूचनेपायी त्यांनी किती ड्रायव्हरांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या होत्या. अकरा बावन्न झाले की बायको निघणार. तिला तक्ता पाठ होता. आणि ती पुन्हा विचारणार नव्हती.

मिनिटराव पळत सुटले. म्हणजे त्यांना वाटलं पळत सुटले. प्रत्यक्षात एका कुटुंबातलं पाच वर्षांचं पोर त्यांना मागे टाकून गेलं.

ते खिंडीत पोचले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं उशीर. आगारात एवढ्या उशिराला उशीर म्हणत नाहीत, फेरी रद्द म्हणतात. वारा जोरात होता. एका सपाट दगडावर बूट काढून, पाय पसरून बायको बसली होती.

मिनिटरावांचा श्वास छातीत मावेना. "अजून आहेस?" एवढंच बाहेर पडलं.

"अकरा पस्तीसला आले," बायको म्हणाली.

"तो रस्ताच..." मिनिटरावांनी सुरुवात केली.

"हं."

"आणि त्या मुलींनी मध्येच..."

"हं."

"आणि काकांनी तो पट्टा तुझ्या..." मिनिटराव थांबले. दोष द्यायला आणखी कोण कोण उरलं आहे ते त्यांनी आठवून बघितलं. यादी मोठी होती. पण तिच्यातलं एकही नाव खिंडीत हजर नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"काय?"

"अर्ज. मी काही आखलं-बिखलं नव्हतं. हात चालत गेला आगारातल्यासारखा. आणि मग चौकीवर सगळ्यांसमोर सही करायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो."

"माहीत होतं," बायको म्हणाली. "तोंडावर दिसत होतं." तिने आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. 'अर्जदाराची चूक.' "त्या बाईंकडून घेऊन ठेवली. खिंडीपासून एका बाजूने उतरलात तरी चालेल म्हणाल्या, सही करून आणा."

मिनिटरावांचा राग, जो जरा कुठे निवत होता, पुन्हा भडकला. "म्हणजे कालपासून हे तुझ्या खिशात आहे? मी साखर खाऊन झोपलो! एकटा! आणि तू..."

"तुम्ही म्हणालात, असंच आखलंय. तुमच्या आखणीत मी कधी लुडबुड केली आहे का?" आता तिचाही आवाज चढला होता, आणि खरं सांगायचं तर मिनिटरावांना त्याचं बरं वाटलं. "काल पहिल्या टेकडीपर्यंत मी रडत गेले. कळलं? इतका राग आला होता की ती अख्खी पिशवी दरीत टाकून द्यावी असं वाटलं. दुसऱ्या टेकडीवर राग गेला. आणि मग मजा यायला लागली."

"मजा?"

"खूप. झाडं बघितली, पाण्यात पाय सोडून बसले, कोणाकोणाशी बोलले. तुमच्याशिवाय छान चाललं होतं माझं." ती जरा थांबली. "त्याचीच भीती वाटली. म्हणून बसून राहिले इथे."

मिनिटरावांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, कागद तिच्या पिशवीवर ठेवला आणि सही केली. लफ्फेदार, पूर्ण नावाची. तारीख घातली.

मग स्टोव्ह आणि इंधन एकदाचे एका जागी आले. कोणीही जळून मेलं नाही. चहा वाऱ्याने गार झाला, साखर जास्त पडली, आणि दोघांनी दोन-दोन पेले प्यायले.

"उतरायचं कुठल्या बाजूने?" मिनिटरावांनी विचारलं.

"माझी बाजू मी बघितली. तुमची राहिली आहे."

"म्हणजे मी आत्ता ज्या वाटेने मरत मरत वर आलो, तीच वाट परत?"

"तुम्ही तरी कुठे बघितलीत ती?"

हे खरं होतं. मिनिटरावांनी चरफडत पिशवी आवळली. "पण पूर्वेच्या विश्रामगृहात आज माझी जागा नाही. तुझ्या एकटीचीच आहे."

"पिशवी दोघांची आहे ना?" बायको म्हणाली, आणि बूट घालायला खाली वाकली. मिनिटरावांचे कान लाल झाले, डावासुद्धा. "छान दिसतेस," ते म्हणाले, एक दिवस, सहा तास आणि काही मिनिटं उशिरा.

ती हसली. मग तिने खिशातून आणखी एक चिठ्ठी काढून त्यांच्या पुढ्यात धरली. तशीच. 'वरील गोष्ट माझ्या चुकीमुळे झाली असून ती चूक मला मान्य आहे.' वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ही कशाला? एक केली ना सही?"

"ती कार्यालयाची. ही घरची."

"तारीख काय घालू?"

"राहू दे. सही तेवढी करा."

कोऱ्या कागदावर तारखेशिवाय सही! आगारात ह्यासाठी माणसं घरी बसलेली आहेत. मिनिटराव संतापले, दात-ओठ खाल्ले, आणि सही केली. "अजून आहेत का?" त्यांनी खवचटपणे विचारलं.

बायकोने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक होतं, जाडजूड.

"बाई म्हणाल्या, अकरा वर्षं टेबलाच्या खणात पडून आहे, एकाही नवऱ्याने अजून सही केलेली नाही. घेऊन जा."

मिनिटराव काहीतरी कडक बोलणार होते. पण ती पूर्वेच्या वाटेने निघालीसुद्धा होती, आणि पहिल्याच वळणावर थांबून त्यांच्याकडे बघत होती. ते तिच्या मागे निघाले. पेन त्यांनी खिशात ठेवलं नाही, हातातच राहू दिलं.